फॉरमॅट मारण्याआधी…

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात नाकाडोंगरी आहे. भोवती जंगल, धानाची शेती आणि थोडे पुढे गेले की मध्य प्रदेशची हद्द. समजा, अशा गावात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एखाद्या केंद्राचे शटर सकाळी दहाला वर गेले आहे. धानाच्या नोंदणीचे दिवस आहेत. बाहेरच्या बाकावर चार-पाच जण सातबारा आणि बँकेचे पासबुक घेऊन बसले आहेत. केंद्रचालकाने संगणक सुरू केला, इंटरनेट जोडले, पण पोर्टल काही उघडेना. ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा लाल इशारा येतो. बँकेची साइट नाही, ई-मेल नाही, काहीच नाही.

पहिला संशय ब्राउझरवर जातो. सेटिंगमध्ये जाऊन केंद्रचालक तो रीसेट करतो. पुन्हा तोच इशारा. दुसरा ब्राउझर टाकून पाहतो, तेच. शेवटी तुमसरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लागतो आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळणारे उत्तर मिळते: ‘फॉरमॅटच मारावं लागते, भाऊ.’

यात कोणी नीट पाहिले नाही ते पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली लिहिलेले असते. तारीख: १ जानेवारी २०१२.

प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपले एक डिजिटल प्रमाणपत्र दाखवते. त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असे लिहिलेले असते आणि ही मुदत हल्ली साधारण वर्षभराची किंवा त्याहूनही कमी असते. संगणक २०१२ सालात बसलेला असेल तर त्याच्या हिशेबाने हे प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचे आहे. तो ते नाकारतो, आणि त्याच्या परीने बरोबरच करतो. ब्राउझर रीसेट करून, बदलून, काढून टाकून हा प्रश्न सुटणार नाही. कारण बिघाड ब्राउझरमध्ये नाही. तो आहे मदरबोर्डवरच्या रुपयाच्या नाण्याएवढ्या सेलमध्ये.

नाण्याएवढा सेल

हा सेल बहुधा ‘सीआर २०३२’ असतो. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दाब ३ व्होल्ट. वीज बंद असतानाही संगणकाचे घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे मुख्य काम. नावातला ‘सी’ हा त्यातल्या रसायनाची खूण आहे: एका बाजूला लिथियम आणि दुसऱ्या बाजूला मँगनीज डायऑक्साइड. नाकाडोंगरीच्या परिसराला मँगनीजची ओळख करून द्यायला नको. तुमसर तालुक्यातच डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या ‘मॉइल’च्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गला विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा प्रकल्पही आहे आणि बॅटरी उद्योग हा त्या पदार्थाचा मोठा ग्राहक. ज्या खनिजाच्या धुळीने इथले रस्ते काळे होतात, त्याचेच शुद्ध रूप संगणकाला आजची तारीख लक्षात ठेवायला मदत करते.

संगणकाला मुख्य वीज मिळत असते तोवर या सेलवर भार पडत नाही. रोज संध्याकाळी भिंतीवरचे बटन बंद करणाऱ्या दुकानात किंवा तासन्‌तास वीज जाणाऱ्या गावात तो अधिक झिजतो. म्हणून निदानही सोपे आहे. दिवसभर तारीख बरोबर आणि रात्रभर वीज बंद राहिल्यावर सकाळी पुन्हा मागे गेलेली, असे दोन-तीनदा झाले की सेल संपला. इंटरनेट जोडल्यावर घड्याळ आपोआप जुळेल, अशी आशा असते. पण फरक वर्षांचा असेल तर विंडोज तो स्वतःहून दुरुस्त करेलच असे नाही.

जुन्या यंत्रांत या सेलबरोबर आणखी काही जाते. संगणक सुरू होताना सर्वांत आधी जागा होणारा ‘बायोस’ नावाचा प्रोग्राम आपल्या आवडीनिवडी याच सेलच्या जोरावर सांभाळतो. सेल गेला की त्या कारखान्यातून आल्या तशा होतात. कधी हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धतच बदलते आणि विंडोज सुरू होता होता निळा पडदा दाखवून थांबते. डिस्क धडधाकट, त्यातल्या फाइली धडधाकट. बदलले ते फक्त एक सेटिंग. अशा वेळी ‘डिस्क गेली, फॉरमॅट मारा’ हा सल्ला महागात पडतो. काही दहा-वीस रुपयांच्या सेलपायी चार वर्षांचे अर्ज, पावत्या आणि गावातल्या लग्नाचे फोटो पुसले जातात.

सेल बदलताना प्लग पूर्ण काढायचा, क्रमांक तोच घ्यायचा, अधिकची बाजू वर ठेवायची. आणि काढलेला जुना सेल टेबलावर सोडायचा नाही. आरोग्याच्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली सर्वांत धोक्याची गोष्ट हीच आहे. २० मिलिमीटरचा लिथियम सेल लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो. ओल्या अस्तराशी लागून वीजप्रवाह सुरू होतो, ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. संगणकासाठी ‘मेलेल्या’ सेलमध्येही तेवढी ताकद उरलेली असते. शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठून एक्स-रे काढून घ्यावा. बदललेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

रीसेट म्हणजे नेमके काय पुसते?

आता मूळ प्रश्नाकडे. प्रत्येक सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडते तेव्हा त्यातले शेकडो निर्णय आधीच घेतलेले असतात. अक्षर कोणते, आकार केवढा, कागद कुठला, भाषा कोणती, फाइल कुठे साठवायची. याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. पुढे वापरणारा त्यात बदल करत जातो. हे बदल सॉफ्टवेअर आपल्या मूळ फाइलींत लिहीत नाही. वेगळ्या, बहुतेकदा लपवलेल्या फोल्डरमध्ये लिहिते. त्याला प्रोफाइल म्हणतात. घर तेच, पण भाडेकरूने मारलेले खिळे आणि लावलेले पडदे वेगळ्या वहीत नोंदलेले, असा हा प्रकार. वीज अचानक गेली आणि त्याच क्षणी ही वही लिहिली जात असेल, तर ती अर्धवट राहते. मग प्रोग्राम उघडत नाही, मेनू गायब होतात, पडदा पांढरा राहतो. रीसेट म्हणजे ती वही बाजूला टाकून कोरी वही देणे.

म्हणूनच रीसेट आणि फॉरमॅट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर्ड किंवा लिबरऑफिस रीसेट केले म्हणून लिहून ठेवलेली पत्रे जात नाहीत. फॉरमॅटमध्ये डिस्कवरचा तो भागच रिकामा केला जातो. या दोहोंच्या मधे ‘रीसेट धिस पीसी’ नावाची विंडोजची सोय आहे. तिच्यात ‘माझ्या फाइली ठेवा’ हा पर्याय निवडला तरी बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात, आणि दुसरा पर्याय तर सगळेच काढतो. ‘रीसेट’ हा एकच शब्द या तिन्ही पातळ्यांवर वापरला जातो. दुरुस्तीवाला फोनवर ‘रीसेट करतो’ म्हणाला तर कशाचे, हे विचारून घेणे हा आगाऊपणा नाही.

कोऱ्या वहीबरोबर काय जाते, हे प्रत्येक प्रोग्रामचे निराळे. फायरफॉक्सला ‘रिफ्रेश’ केले तर बुकमार्क, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड राहतात. एक्स्टेन्शन आणि संकेतस्थळांना दिलेल्या परवानग्या जातात. जुनी वही मात्र तो फेकत नाही. डेस्कटॉपवर ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून देतो. ही सभ्यता इतर कंपन्यांनीही शिकायला हरकत नाही. क्रोममध्ये बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज पुसल्या जातात, म्हणजे प्रत्येक ठिकाणी नव्याने लॉग-इन.

ऐकायला हे किरकोळ वाटते. पण सेवा केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल वापरला जातो, आणि अनेक ठिकाणी तो ब्राउझरमधल्या एखाद्या एक्स्टेन्शनच्या आधाराने चालतो. अर्जाची पावती वेगळ्या खिडकीत उघडते आणि त्यासाठी ‘पॉप-अप’ची परवानगी कधीतरी, कोणीतरी, दिलेली असते. रीसेटनंतर पोर्टल उघडते, अर्ज भरला जातो, पैसे कापले जातात आणि पावती मात्र येत नाही. रांगेतला माणूस चिडतो, आणि त्याचे चुकत नाही.

लिबरऑफिसची सोय याबाबतीत बरी आहे. २०१७च्या ५.३ आवृत्तीपासून त्यात ‘सेफ मोड’ आहे. मदतीच्या मेनूतून प्रोग्राम तात्पुरता कोऱ्या वहीवर उघडता येतो. तिथे तो नीट चालला तर दोष प्रोफाइलमध्ये आहे, हे सिद्ध झाले. मग रीसेट करावे. तिथेही अडखळला तर दोष दुसरीकडे आहे आणि रीसेट करून उपयोग नाही. डॉक्टर जसा आधी दाबून पाहतो आणि मग औषध देतो, तसे. वर्डमध्येही कंट्रोलचे बटन दाबून धरत प्रोग्राम उघडला की असाच सेफ मोड मिळतो. वर्डच्या बऱ्याचशा आवडीनिवडी ‘नॉर्मल’ नावाच्या साच्यात असतात. त्या फाइलचे नाव बदलले की वर्ड नवी करून घेतो आणि जुनी हाताशी राहते. नाव बदलणे हे पुसण्यापेक्षा केव्हाही चांगले.

तीन मजले

पण प्रोफाइल हा फक्त मधला मजला. खाली विंडोज आहे, तिची स्वतःची सेटिंग आहेत: तारीख कशी लिहायची, कोणता देश, कोणता कीबोर्ड. वर प्रत्येक फाइल आहे आणि तीही आपली सेटिंग सोबत बाळगते: समास, अक्षर, कागदाचा आकार. बिघाड एका मजल्यावर आणि रीसेट दुसऱ्यावर, असे झाले की माणूस दिवसभर खपतो आणि संध्याकाळी जिथे होता तिथेच असतो.

मराठीत काम करणाऱ्यांना याचा खास अनुभव आहे. जुन्या कचेऱ्यांमधून कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले लाखो कागद आजही संगणकांत आहेत. या फॉन्टमध्ये मराठी अक्षर मुळात साठवलेलेच नसते. साठवलेले असते रोमन अक्षर. फॉन्ट फक्त त्याच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच अशा पाच इंग्रजी अक्षरांचा असतो. कोणी सगळा मजकूर निवडून ‘फॉरमॅटिंग काढून टाका’ म्हटले, म्हणजे त्या मजकुराला डिफॉल्टवर आणले, की मुखवटा गळतो आणि पडद्यावर निरर्थक इंग्रजी उरते. फाइल ‘करप्ट’ झाली, व्हायरस आला, अशी आवई उठते. खरे तर एक अक्षरही हललेले नसते. मजकूर निवडून पुन्हा तोच फॉन्ट दिला की सारे परत येते. नवा संगणक घेतला आणि त्यात तो फॉन्टच नसेल, तरी हेच.

युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मराठीला हा धोका नाही. १९९१पासून देवनागरीला तिथे स्वतःचे क्रमांक आहेत. फॉन्ट बदलला तरी ‘म’ हा ‘म’च राहतो. रीसेटनंतर रूप थोडे बदलेल, अर्थ नाही. जुने दस्तऐवज युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा कंटाळा अनेक कार्यालयांनी केला आहे. त्याची किंमत अशा वेळी कळते.

सातबाऱ्याची तारीख होते तेव्हा

तीन मजल्यांचा सर्वांत मजेदार आणि सर्वांत तापदायक गोंधळ एक्सेलमध्ये होतो. गट क्रमांकाच्या रकान्यात ७/२ टाइप करून पाहा. एक्सेल ते तारीख समजते. विंडोजमध्ये देश भारत असेल तर ७ फेब्रुवारी होते, अमेरिका असेल तर २ जुलै. ‘७/१२’ लिहिले तरी तीच गत. शेजारचा ४५/२ मात्र तसाच राहतो, कारण तशी तारीख नसते. त्यामुळे दोनशे शेतकऱ्यांच्या यादीत पंधरा-वीस गट क्रमांक निमूटपणे बदलतात आणि यादी वरवर पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

आता एक्सेल रीसेट करून हे सुधारेल का? नाही. तारीख कशी वाचायची हे एक्सेल विंडोजला विचारते, म्हणजे तो निर्णय खालच्या मजल्यावरचा. आणि एकदा बदललेला आकडा तर फाइलमध्येच, वरच्या मजल्यावर, बदलून बसला. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस. २०२५मध्ये टाइप केलेला ७/२ हा तिथे ४५६९५ होऊन बसतो. रकान्याला नंतर ‘टेक्स्ट’ केले तर ७/२ परत येत नाही, ४५६९५ दिसते. बँक खात्याच्या क्रमांकाचेही असेच: सुरुवातीची शून्ये गळतात आणि पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होतात. उपाय आधीच करायचा असतो. टाइप करण्यापूर्वी रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा किंवा क्रमांकाआधी एकेरी अवतरणचिन्ह टाकायचे.

यात केंद्रचालकांनी ओशाळण्याचे कारण नाही, कारण याच खड्ड्यात जगभरचे जनुकशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे पडत होते. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावे ‘मार्च-१’, ‘सेप्ट-२’ अशी होती. एक्सेल त्यांची मुकाट्याने १ मार्च आणि २ सप्टेंबर करत असे. हा घोळ २००४ सालीच एका शोधनिबंधात दाखवला गेला होता. २०१६मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेले साडेतीन हजारांहून अधिक शोधनिबंध तपासले. सुमारे एक पंचमांशांत अशा चुका निघाल्या. प्रत्येकाने आपापले सेटिंग सांभाळावे, हा सल्ला बारा वर्षे देऊनही ही स्थिती.

शेवटी २०२०मध्ये मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावेच बदलली. ‘मार्च-१’चे ‘मार्चएफ-१’ झाले, ‘सेप्ट-१’चे ‘सेप्टिन-१’. सुमारे २७ जनुकांचे असे नव्याने बारसे झाले. एका कार्यालयीन प्रोग्रामचे डिफॉल्ट बदलण्यापेक्षा माणसाच्या जनुकांची नावे बदलणे सोपे ठरले! मायक्रोसॉफ्टने असे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये दिली ती त्यानंतर तीन वर्षांनी, २०२३मध्ये. ‘ऑप्शन्स’मधल्या ‘डेटा’ विभागात ती आहे. आणि अर्थातच, रीसेट केल्यावर ती पुन्हा पूर्वीसारखी होते.

डिफॉल्टची ताकद

डिफॉल्टला एवढी ताकद येते कुठून? बहुतेक माणसे ते बदलतच नाहीत. जॅरेड स्पूल या अमेरिकी संशोधकाने काही वर्षांपूर्वी शेकडो लोकांकडून त्यांच्या वर्डच्या सेटिंगची फाइल मागवून घेतली. काहीही बदल केलेले लोक पाच टक्क्यांहून कमी निघाले. त्या आवृत्तीत आपोआप फाइल साठवण्याची सोय मुळात बंद होती. ती का सुरू केली नाही, असे विचारल्यावर लोक म्हणाले, कंपनीने बंद ठेवली म्हणजे काहीतरी कारण असेल. स्पूल यांनी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांकडे चौकशी केली. कारण काही नव्हते. फाइल तयार करताना सगळीकडे शून्य भरले होते, एवढेच.

रुग्णालयांत हाच स्वभाव कामाला लावला जातो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयांत डॉक्टर संगणकावर चिठ्ठी लिहितात. तिथे औषधाचे नाव लिहिल्यावर आपोआप जेनेरिक औषध निवडले जाईल आणि ब्रँडच हवा असेल तर डॉक्टरने एक चौकोन टिचकावा, असा बदल केला गेला. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार जेनेरिक औषधांचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवरून ९८ टक्क्यांवर गेले. कोणाला व्याख्यान दिले नाही, कोणावर सक्ती केली नाही. त्याच विद्यापीठाच्या दोन आपत्कालीन विभागांत अफूवर्गीय वेदनाशामकांसाठी डिफॉल्ट संख्या दहा गोळ्यांची ठेवली, तर नेमक्या दहा गोळ्यांच्या चिठ्ठ्या साधारण २१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेल्या. डॉक्टरांचे ज्ञान एका रात्रीत बदलले नव्हते; पडद्यावर आधीच भरून आलेला आकडा बदलला होता.

अशा प्रणालीचे अद्ययावतीकरण झाले किंवा कोणी ती रीसेट केली आणि हा आकडा गुपचूप जुन्या जागी गेला, तर रुग्णाच्या हाती पडणाऱ्या गोळ्यांची संख्याही बदलू शकते. दवाखान्यात, औषधाच्या दुकानात किंवा प्रयोगशाळेत सॉफ्टवेअर मूळपदावर आणले गेले असेल, तर पहिल्या दिवशी एकके, संख्या आणि तारखेचा क्रम डोळ्यांखालून घालायलाच हवा.

ज्यांचे सगळ्यात जास्त जाते

रीसेटचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. ज्याने काहीच बदलले नव्हते, त्याचे काही जात नाही. मोतीबिंदू झालेल्या निवृत्त शिक्षकाने नातवाकडून अक्षरे दीडपट करून घेतलेली असतात, माऊसचा वेग कमी करून घेतलेला असतो, पडद्याचा उजेड डोळ्यांना सोसेल असा बेतलेला असतो. त्यांच्यासाठी मूळ सेटिंग म्हणजे बारीक अक्षरांचा, पळत्या बाणाचा परका संगणक. अक्षर नीट दिसेना की माणूस पडद्याकडे झुकतो, पापणी कमी लवते, डोळे कोरडे पडतात, मान आखडते. ‘संगणकामुळे डोळे दुखतात’ या तक्रारीत कधी कधी मागच्या आठवड्यात कोणी तरी केलेला रीसेट दडलेला असतो.

दृष्टिहीनांसाठी तर हा प्रश्न अधिकच कठीण. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा ‘एनव्हीडीए’ हा मोफत प्रोग्राम भारतातही वापरला जातो. २००६मध्ये ऑस्ट्रेलियात त्याची सुरुवात झाली आणि तो घडवणारे मायकेल करन स्वतः दृष्टिहीन आहेत. वापरणारा त्यात आपला आवाज, वाचनाचा वेग, मराठीसाठी वेगळी सोय असे सारे घडवून घेतो. ते पुसले गेले आणि मराठी न येणारा इंग्रजी आवाज बसला, तर पडद्यावर मराठी असूनही कानाला काही कळत नाही. सेटिंग परत लावायचे तर मेनू वाचायला हवा, आणि वाचणाराच गोंधळलेला!

बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणून एनव्हीडीएमध्ये परतीच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एनव्हीडीएचे बटन, कंट्रोल आणि आर ही तीन बटने एकत्र एकदा दाबली, की प्रोग्राम वापरणाऱ्याने स्वतः शेवटच्या वेळी जपून ठेवलेल्या सेटिंगवर येतो. तीच बटने झटपट तीनदा दाबली तरच तो कारखान्याच्या सेटिंगवर जातो. एका बाजूला ‘माझे, काल चालत होते तसे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कंपनीचे, पहिल्या दिवशी होते तसे’. बहुतेक लोकांना रीसेट करताना हवे असते पहिले, आणि बहुतेक प्रोग्राम देतात फक्त दुसरे.

पहिले आपले आपणच करून ठेवता येते. सगळे नीट चालत असते त्या दिवशी सेटिंगच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढावेत: विंडोजचा देश आणि तारखेचा प्रकार, कीबोर्डची यादी, ब्राउझरमधले एक्स्टेन्शन, प्रिंटरचा कागद. कागदाचे विशेष सांगायला हवे, कारण अमेरिकी डिफॉल्टचा ‘लेटर’ कागद आपल्या ए-४पेक्षा रुंद आणि आखूड असतो. छापील अर्जाची शेवटची ओळ दुसऱ्या पानावर गेली की बिघाड तिथे शोधावा. लिबरऑफिसचा ‘यूजर’ नावाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवला तर त्यात स्वतः शिकवलेले मराठी शब्द आणि साचेही येतात. प्रोफाइल बिघडले की तो परत ठेवायचा; कारखान्यापर्यंत जायची गरज पडत नाही.

आणि बिघाडाच्या सकाळी घाई करू नये. आधी कोपऱ्यातली तारीख. मग तोच दोष दुसऱ्या प्रोग्राममध्ये दिसतो का? दिसला तर तळमजला, विंडोज किंवा त्याहून खाली. मग तोच दोष त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या फाइलमध्ये दिसतो का? न दिसला तर ती एक फाइल. प्रोग्राम एकच आणि फाइली सगळ्या, असे असेल तरच प्रोफाइलवर संशय घ्यावा, सेफ मोडमध्ये खात्री करावी आणि रीसेट करावे. फॉरमॅट या यादीत फार खाली येतो. त्याआधी फाइलींची प्रत दुसरीकडे गेलेली असली पाहिजे.

नाकाडोंगरीच्या त्या कल्पित केंद्रात ही तपासणी दोन मिनिटांची होती. दोन्ही ब्राउझरमध्ये तोच इशारा, म्हणजे दोष खालचा; आणि कोपऱ्यात २०१२. तारीख हाताने दुरुस्त केली की पोर्टल त्याच मिनिटाला उघडते आणि बाकावरच्यांची नोंदणी सुरू होते. सेल संध्याकाळी, दुकान बंद करताना बदलला तरी चालतो. सकाळी घाईत केलेल्या रीसेटमुळे गेलेली पॉप-अपची परवानगी मात्र पहिल्या पावतीच्या आधीच परत द्यावी लागेल.